प्रवेशानंतरचा प्रवेश



आपल्याकडे उच्च शिक्षणाची चर्चा दोनच ठिकाणी रंगते, प्रवेशाच्या दारात आणि नोकरीच्या दारात. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की कटऑफ, गुणवत्ता याद्या, सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या, आरक्षण, शुल्क यांवर घराघरांत आणि वर्तमानपत्रांत चर्वितचर्वण सुरू होते. तीन-चार वर्षांनी तीच मंडळी प्लेसमेंटचे आकडे विचारू लागतात. या दोन दारांमध्ये जे घडते, त्यातही पहिल्या वर्षी जे घडते, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. एखादा मुलगा पहिल्या सत्रात चार विषयांत नापास झाला, एखादी मुलगी दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही, तर स्पष्टीकरण तयार असते : त्याला झेपले नाही, ती तिथे रुळली नाही. रुळण्याचे सगळे काम त्या मुलाने किंवा मुलीने करायचे आणि महाविद्यालयाने जागचे हलायचे नाही, असा हा अलिखित करार आहे, आणि त्यावर विद्यार्थ्याची सही कुणी घेतलेली नाही. आज मला जे मांडायचे आहे ते या कराराविरुद्ध आहे. पहिल्या वर्षातली बरीचशी पडझड मुलांच्या बुद्धीमुळे किंवा स्वभावामुळे होत नाही. काही घरांत आपोआप मिळणारी माहिती, सोबत आणि सवड इतर घरांतून आलेल्यांना महाविद्यालय पुरवत नाही, म्हणून ती होते. हे पुरवता येते. महाराष्ट्राने ते एके काळी पुरवलेही आहे.

आधी प्रश्नाचा आकार लक्षात घेऊ. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1862 मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर धरून ते चौघे होते. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 4 कोटी 33 लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांपैकी जवळपास 45 लाख 78 हजार एकट्या महाराष्ट्रात होते. चौघांपासून पंचेचाळीस लाखांपर्यंतचा हा प्रवास अभिमानाचाच आहे. पण व्याख्यान ऐकून टिपणे काढायची, ग्रंथालयात आपले आपण वाचायचे, शंका असेल तर प्राध्यापकांकडे धीटपणे जायचे आणि शेवटी तीन तासांच्या लेखी परीक्षेत सगळे मांडायचे, ही महाविद्यालयाची चौकट ज्यांच्यासाठी घडली त्यांच्या घरांत लिहिणे-वाचणे मुरलेले होते. आज वर्गात बसलेल्यांत कितीतरी जण घरातले पहिलेच पदवीचे विद्यार्थी आहेत. चौकट बरीचशी तीच राहिली आणि तिच्यात येणारी माणसे बदलली. शाळेने या बदलाची थोडीफार दखल घेतली. माध्यान्ह भोजन आले, पालकसभा आल्या, गैरहजर मुलाच्या घरी जाणारे शिक्षक तर पूर्वीपासून होते. महाविद्यालयाने मात्र अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे सारे आपोआप समजते असे धरून चालायचे ठरवले.

पहिल्या वर्षी नेमके काय समजावे लागते? छापील अभ्यासक्रम हा त्यातला सोपा भाग, कारण तो निदान संकेतस्थळावर असतो. अवघड असते ते न छापलेले. जर्नल केव्हा सर्टिफाय करून घ्यायचे आणि राहिले तर काय होते. इंटर्नलचे गुण कोण देतो आणि ते चुकले तर कुणाला भेटायचे. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागले म्हणजे सारे संपले, की अर्ज करून काही होते. एटीकेटीत किती विषय राहिले तर वर्ष वाया जात नाही. बोनाफाइडला किती दिवस लागतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तर तो महाविद्यालयात अडला आहे की समाजकल्याण कार्यालयात. ‘सर, समजले नाही’ हे वर्गात म्हटलेले चालते की तासानंतर गाठून म्हणायचे. यांतले काही नियम कुठेतरी लिहिलेले असतात, काही कुठेच नसतात. ज्याची थोरली बहीण त्याच महाविद्यालयात शिकली त्याला ते जेवताना कळतात. ज्याचे वडील प्राध्यापक किंवा बँकेत अधिकारी आहेत त्याला निदान हे ठाऊक असते की कार्यालयातला पहिला नकार हा अखेरचा नकार नसतो. बाकीच्यांची अवस्था पाटी नसलेल्या एसटीत बसल्यासारखी होते. गाडी बहुधा बरोबर ठिकाणी जाते, पण प्रवासभर जीव टांगणीला लागतो, आणि काही जण चुकीच्या फाट्यावर उतरून जातात.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या न छापलेल्या भागात भरच घातली आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पहिल्या वर्षाला नवी रचना लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्रेडिटची बँक, तिचा बारा अंकी क्रमांक हे सगळे पहिल्याच आठवड्यांत समजून घ्यायचे आणि निवडायचे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला मोलाचे वाटते. परंतु काय निवडले की पुढे कुठे जाता येते, हे सांगणारे कुणी शेजारी नसेल तर ते स्वातंत्र्य ओझे होते, आणि मग मुले मित्राने घेतले ते किंवा वेळापत्रकात बसले ते घेतात. याच धोरणात पहिले वर्ष संपवून, ठरलेली कौशल्याची क्रेडिट मिळवून, प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची सोय आहे. काहींना तिचा खरोखर उपयोग होईल. पण एक सावधगिरी इथेच नोंदवतो. काल ज्याला आपण गळती म्हणत होतो तिला उद्या निर्गमन म्हणू लागलो, तर तक्ते सुधारतील आणि मुले होती तिथेच राहतील.

माहितीनंतर सवड. वेळापत्रकात सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. सीईटीच्या आधारे होणाऱ्या प्रवेशांच्या फेऱ्या मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात आणि शेवटच्या फेरीत आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातला तुकडा उरतो. तो वर्गात येतो तेव्हा अभियांत्रिकीच्या गणिताची एक-दोन प्रकरणे उरकलेली असतात, प्रयोगशाळेतल्या बॅचेस पडलेल्या असतात, मैत्रीही जमलेली असते. उशिरा कोण येते हेही पाहिले पाहिजे. ज्यांनी शुल्काची तजवीक होईपर्यंत वाट पाहिली, ज्यांचे जात वैधता प्रमाणपत्र अडले, ज्यांना जवळचे महाविद्यालय मिळेल या आशेने फेरीमागून फेरी थांबावे लागले, त्यांचे प्रमाण यात मोठे असते. त्याच सुमारास राहण्याची सोय शोधायची असते. शासकीय वसतिगृहाची यादी लागायची असते, म्हणून तोवर कुठेतरी कॉट बेसिसवर राहायचे, मेसची आगाऊ रक्कम भरायची. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे आणि मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत जाते. योजना चांगलीच आहे. पण भाडे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यायचे असते आणि अनुदान हप्त्याने, कागदपत्रांच्या पडताळणीनंतर येते. मधल्या महिन्यांत मुलगा रात्रपाळीचे काम धरतो, सकाळच्या तासाला झोपतो, आणि शिक्षकांच्या वहीत त्याची नोंद ‘रस नाही’ अशी होते.

आता पहिल्या वर्षाला शिकवते कोण, हा जरा नाजूक प्रश्न घेतो. कला आणि वाणिज्य शाखांत पहिल्या वर्षाची तुकडी 120 जणांची असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. वर्गसंख्या तिसऱ्या वर्षापर्यंत, विशेष विषयाच्या वाटण्या होऊन, आपोआप आटते. म्हणजे ज्या वेळी विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणारा शिक्षक सर्वांत जास्त हवा असतो, त्याच वेळी तो गर्दीत सर्वांत जास्त हरवलेला असतो. त्यात कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रखडल्याने अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. त्यांच्यापैकी अनेक जण उत्तम शिकवतात, पण त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. तासानंतर एखाद्या मुलीची अडचण ऐकत अर्धा तास थांबायचे तर ते पदरमोड करून. शिवाय त्यांना अनेकदा दुसऱ्या महाविद्यालयातला तास गाठायचा असतो. ज्येष्ठ प्राध्यापकांचा ओढा साहजिकच टी.वाय. आणि एम.ए.कडे असतो. कुणाची दुष्ट बुद्धी यामागे नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी सोयीचा निर्णय घेतला, आणि त्या निर्णयांच्या बेरजेत एफ.वाय.च्या वाट्याला उरलेसुरले आले.

हे सगळे खरे धरले तरी त्याचा निकालावर कितपत परिणाम होतो, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक चांगले उत्तर आपल्याकडचे नाही, कॅलिफोर्नियातले आहे. बर्कले विद्यापीठात 1970 च्या दशकात उरी ट्राइझमन या गणितज्ञाला एक गोष्ट खटकली. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत, चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे असत. प्राध्यापकांना कारणे विचारली तर ती ठरलेलीच मिळाली : प्रेरणा कमी, शाळेतला पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइझमन यांनी तर्क बाजूला ठेवले आणि विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिले. तर्क एकामागून एक कोसळले. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची आस होती. पण ती एकेकटी अभ्यास करत. चिनी मुले आधी स्वतः गणिते सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवत, आणि कुणाला किती येते याचा अंदाज त्यांना सतत लागत असे. एकटा बसणारा मात्र समजत असे की आपल्यालाच जमत नाही. ट्राइझमन यांनी यावर कच्च्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढला नाही. त्यांनी उलट नेहमीपेक्षा कठीण गणिते घेऊन गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा भरवल्या आणि त्यात येणे हा मान ठरेल असे पाहिले. त्यांत आलेल्यांचे निकाल झपाट्याने सुधारले.

आपल्याकडे याच्या नेमके उलट केले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनांतून राखीव प्रवर्गांसाठी उपचारात्मक वर्ग चालवले गेले. हेतू चांगला होता. पण त्या वर्गाला जाणे म्हणजे आपण कच्चे आहोत हे गावभर सांगणे, असे मुलांना वाटू लागले, आणि ज्यांना गरज होती तेच तिथून लांब राहिले. दुसरी बाजू याहून कडू आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वागणुकीची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 मध्ये जे नोंदवले त्यात वसतिगृहातले वेगळे पडणे, मेसमधले आणि खेळातले अंतर, शिक्षकांशी अनौपचारिक बोलण्याची न मिळणारी संधी या बाबी होत्या. एकत्र अभ्यासाला बसणे ही वरकरणी साधी गोष्ट, पण ती याच जागांवर जन्म घेते. जिथे ताट एकत्र येत नाही तिथे वही एकत्र येणे कठीण.

मग मुलांच्या मनाची तयारी करून घेतली तर? सध्या सर्वांत जास्त भर त्यावर आहे. एआयसीटीईने 2017 मध्ये तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम सुचवला, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ आणला. कागदावर दोन्हींत चांगल्या कल्पना आहेत. व्यवहारात अनेक ठिकाणी त्यांचे रूपांतर प्रेरणादायी भाषणांच्या मालिकेत होते. संस्थेच्या इतिहासाची चित्रफीत, पाहुण्यांचे स्वागत, सकारात्मक विचार कसे करावेत यावर तासभर, मग चहा. मानसशास्त्राने या बाबतीत काय दाखवले आहे ते मुळातून पाहण्यासारखे आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराचे एक काम दिले होते. सुरुवातीला आपण इथले नाही असे जवळजवळ सर्वांनाच वाटते आणि ते हळूहळू निवळते, हे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या कथनांतून त्यांच्यापर्यंत पोचवले गेले. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतले अंतर निम्म्याने घटले. या निकालाचा बोलबाला झाला, आणि एका तासात प्रश्न सुटतो असे कुणालाही वाटावे असाच तो होता. पण कथा इथे संपत नाही. तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, 22 संस्थांतील 26,911 विद्यार्थ्यांवर केला गेला आणि 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. परिणाम दिसला, पण सगळीकडे नाही. ज्या संस्थेत त्या गटातल्या मुलांना खरोखरच सामावण्याची संधी होती तिथे पहिले वर्ष पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. जिथे तशी संधी नव्हती तिथे सांगणे वाया गेले. ‘काळजी करू नकोस, तूही इथलाच आहेस’ हे वाक्य खरे असेल तरच औषधासारखे लागू पडते.

महाराष्ट्रातल्या जुन्या शिक्षणधुरीणांना हे कुठल्याही प्रयोगाशिवाय उमगले होते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून पुढे निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. खेड्यातल्या मुलाने शिकावे असे वाटत असेल तर उपदेशाआधी त्याला शहरात पाठ टेकायला जागा हवी, हा त्यामागचा रोकडा विचार होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. शिकताना काम करावे लागणे हा तिथे विद्यार्थ्याचा खासगी, लपवायचा प्रश्न नव्हता, संस्थेच्या दिनक्रमाचाच तो भाग होता. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा तास सकाळी ठेवले, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतून येणाऱ्यांसाठी वसतिगृहाची सोयही त्याच योजनेत होती. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. ग्रामीण विद्यार्थ्याला जेवण आणि निवारा देता देता शहरात वावरण्याची रीत तिथे सोबतीने शिकवली जाई. या सगळ्यांत समान काय? मुलाच्या मनाला हात घालण्याआधी त्यांनी त्याच्या ताटाला, अंथरुणाला आणि घड्याळाला हात घातला. आज आपण हा क्रम उलटा केला आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो जुन्या पिढीकडून, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, आम्हाला कुणी हात धरून नेले नाही, तरी आम्ही शिकलोच ना? टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि व्यायामात घालवले, असे त्यांची चरित्रे सांगतात, आणि म्हणून काही टिळक मागे पडले नाहीत. खरे आहे. पण एक वर्ष दंड-बैठकांना देऊन पुढच्या वर्षी पुन्हा अभ्यासाला लागता येणे, ही सवड कुणाकुणाला असते? आज शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या किंवा एक वर्ष फुकट गेले तर लग्न लावून दिले जाईल अशा मुलीला ती आहे काय? दुसरे असे की तावून सुलाखून निघालेल्यांची भाषणे आपण ऐकतो. जे त्या आगीत संपले त्यांना व्यासपीठ मिळत नाही. या बाबतीत सर्वांत बोलका दाखला बाबासाहेबांचाच आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीतून एल्फिन्स्टन कॉलेजात जाणाऱ्या त्या विद्यार्थ्याइतके कष्ट कुणी सोसले असतील? तरीही त्यांच्या वाटेवर केळुसकर गुरुजींची मध्यस्थी आणि सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती होती. आणि स्वतः सोसून झाल्यावर त्यांनी पुढच्यांनीही सोसावे असे म्हटले नाही, सकाळचे महाविद्यालय काढले. सोसण्याचे गुणगान करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

दुसरा आक्षेप दर्जाचा. अठरा वर्षांच्या माणसाला घास भरवायचा का, आणि पहिल्या वर्षी ढील दिली तर पदवीला काय अर्थ राहील? यात आधार आणि सवलत यांची गल्लत आहे. ट्राइझमन यांची गणिते नेहमीपेक्षा कठीण होती, हे पुन्हा लक्षात आणून देतो. आधार वाढला तेव्हा अपेक्षाही वाढली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही काही लेचीपेची संस्था नव्हे. तिथे पहिल्या सत्रातल्या श्रेणी विद्यार्थ्याच्या अधिकृत गुणपत्रकावर जात नाहीत, उत्तीर्ण एवढीच नोंद होते आणि नापास झाल्यास नोंदच होत नाही. निरनिराळ्या शाळांतून आलेल्यांना एका पातळीवर यायला वेळ लागतो, हे त्यांनी नियमांतच मान्य केले आहे. आपल्याकडे 2015 मध्ये रुरकीच्या आयआयटीने पहिल्या वर्षअखेर ठरावीक सरासरी गाठता न आलेल्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतले बहुतेक राखीव प्रवर्गांतले होते. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला, पण पुढे संस्थेनेच फेरविचार करून त्यांना आणखी एक संधी दिली. देशातल्या सर्वांत खडतर परीक्षेतून निवडलेली ही मुले. वर्षभरापूर्वी जे पात्र होते ते सगळे एकाच वर्षात एकदम अपात्र कसे झाले, हा प्रश्न ज्या संस्थेने आधी स्वतःला विचारायला हवा होता तिने तो मुलांना विचारला.

तिसरा आक्षेप प्राध्यापक मंडळी खासगीत मांडतात आणि त्यात सर्वांत अधिक तथ्य आहे, असे माझे मत आहे. मुले वर्गात येतच नाहीत, मग सामावून कुणाला घ्यायचे? 75 टक्के हजेरीचा नियम आहे, पण पहिल्या वर्षाचे कित्येक वर्ग ऑक्टोबरपर्यंत ओस पडतात. काही जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत असतात, काही क्लासला, काही कामावर, काही कुठेच नाही. याचे एक कारण शाळेकडून, खरे तर अकरावी-बारावीकडून आलेले आहे. क्लास आणि महाविद्यालय यांच्यातल्या सामंजस्याने दोन वर्षे मुलांना हजेरी न लावता हजर राहण्याची विद्या शिकवलेली असते. एफ.वाय.च्या प्राध्यापकाला ही सवय आयती मिळते, आणि तिचा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. रिकामे बाक आपण बहुतेक वेळा सत्र संपताना, परीक्षेचे अर्ज अडवताना मोजतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दोनदा गैरहजर राहिलेल्याला फोन करून ‘काय झाले?’ एवढे विचारले, तर कोण कामावर जातो, कोण आजारी आहे आणि कोण खोलीवर पांघरूण घेऊन पडून आहे हे निराळे होते. या तिघांना तीन निराळ्या गोष्टी हव्या आहेत. पहिल्याला सकाळची किंवा संध्याकाळची तुकडी, दुसऱ्याला टिपणे, तिसऱ्याला माणूस. डिफॉल्टर लिस्ट तिघांना एकाच रांगेत उभे करते.

तिसऱ्याचा उल्लेख झाला म्हणून समुपदेशनाबद्दल थोडे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. समुपदेशक प्रत्येक महाविद्यालयात असावा याबद्दल दुमत नाही, आणि माझ्या आजच्या मांडणीतून कुणी त्याविरुद्ध अर्थ काढू नये. आजाराला वैद्यच लागतो. पण स्वाधारचा हप्ता न आल्याने उपाशी असलेल्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून भागणार नाही, आणि जातीवरून टोमणे खाणाऱ्याला कणखर होण्याचा सल्ला देणे म्हणजे टोमणे मारणाऱ्याला मोकळे सोडणे. रॅगिंगच्या बाबतीत आपण हा धडा गिरवला आहे. नवागतांनी सहनशील व्हावे असे सांगणे आपण थांबवले, महाराष्ट्राने 1999 मध्ये कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये नियम केले. रॅगिंग त्यामुळे संपले असा दावा कुणी करणार नाही, पण दोष कुणाचा हे तरी निश्चित झाले.

राहिला पैशाचा आक्षेप. कायम पदांची भरती आणि वसतिगृहे यांना पैसा लागतो, तो शासनाने दिला पाहिजे, आणि ही मागणी कुठल्याही पर्यायाच्या मोबदल्यात सोडता कामा नये. पण पुष्कळशा गोष्टी जवळपास बिनखर्चाच्या आहेत. मी वर सांगितलेले न छापलेले नियम मराठीत चार पानांवर छापता येतात, आणि ते लिहायचे काम दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिले तर प्राचार्यांनी लिहिण्यापेक्षा जास्त उपयोगी होतील. प्रॅक्टिकलच्या बॅचेस हजेरीपटाच्या क्रमाने पाडण्याऐवजी गावे आणि महाविद्यालये मिसळून पाडता येतात. शेवटच्या फेरीत आलेल्यांसाठी पहिली चाचणी पंधरा दिवस पुढे ढकलता येते. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी एका लिपिकाला ऑगस्टभर दुसरे काम न देणेही शक्य आहे. मग उरते ते अध्यापनाचे वाटप. दरवर्षी सत्र सुरू होण्याआधी विभागाची वर्कलोडची बैठक होते. एम.ए.चे पेपर आधी ठरतात, मग टी.वाय.चे, आणि एफ.वाय.चे उरलेले तास जो बैठकीला उशिरा आला किंवा नुकताच लागला त्याच्या नावावर पडतात. हा क्रम उलटा करायला शासन निर्णय लागत नाही, कुलगुरूंची परवानगी लागत नाही. येत्या जूनमध्ये विभागातल्या सर्वांत अनुभवी माणसाने एफ.वाय.ची एक तुकडी स्वतःहून मागून घ्यावी, एवढी विनंती इथे बसलेल्या प्राध्यापकांना करतो आणि थांबतो.